भिंतीतलं मोहोळ

परवा शेजारचे काळे कशेळ्याहून आले ते हातात कारवीची डहाळी घेऊन. फुलं जांभळी, निम्मी एस्टीच्या गर्दीत गळून गेलेली, देठ बोटांना चिकटणारा. "मास्तर, यंदा सगळा डोंगर फुललाय," असं म्हणून त्यांनी डहाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि चहाची वाट बघत बसले. चहा होईपर्यंत ते डोंगराचं वर्णन करत होते आणि मी डहाळीकडे बघायचं टाळत होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं झुडपाला लाजावं हे जरा विचित्रच. पण कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलली की पूर्वीच्या दिपोट्यासारखी थेट माझ्या दारात तपासणीला येते. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तेव्हा आम्ही दिपोटी म्हणायचो. आता ते पदही गेलं, ते साहेबही गेले. तपासणी मात्र चालू आहे.

दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल मोजून मिळायचं, साखर कार्डावर. कशेळ्याच्या वर, डोंगराच्या अगदी पायथ्याला माझी एकशिक्षकी शाळा होती. शाळा म्हणजे कारवीच्या काठ्यांचे कुड, त्यांना आतून बाहेरून शेणामातीचं लिंपण आणि वर गवत. मुलं त्या कुडातली माती नखानं उकरून खायची आणि मी त्यांना आरोग्य शिकवायचो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि आपण या गावाचा उद्धार करायला आलो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या उन्हाळ्यात मी महिनाभर मधमाशा पाळायच्या एका वर्गाला जाऊन आलो. परत येताना माझ्याबरोबर एक लाकडी पेटी होती, तोंडावर घ्यायची जाळी होती, धूर सोडायचं भात्याचं डबडं होतं आणि शंभर पानांची वही होती. या चारांत सगळ्यात घातक वस्तू वही होती, हे मला पुढे कळलं. मी पारावर बसून वही वाचून दाखवायचो. आपल्याकडची भिंतीत, झाडाच्या ढोलीत राहणारी ती सातेरी माशी. तिच्या एका घरात राणी एकच. तिचं पोट लांब, पंख आखूड, काम अंडी घालायचं. बाकी हजारो कामकरी. मध आणायचा, मेण काढायचं, पिल्लांना भरवायचं, पहारा करायचा, सगळं त्यांनी. आणि थोडे नर. काळे, जाडे, गोल बुडाचे. त्यांना नांगी नाही, कष्ट नाहीत, आयतं खायचं आणि दुपारी हिंडून यायचं.

"म्हंजे मास्तर लोक," तुकाराम म्हणाला.

हा तुकाराम गावचा सुतार. गावात कुणाचं काय चुकलं याची नोंद तोंडी ठेवणारा माणूस. पार हसला, मीही हसलो. स्वतःवर हसता येणं हा मोठा गुण आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि तो गुण माझ्यात भरपूर होता.

पेटी होती, माशा नव्हत्या. गावात माशा एकाच घरी होत्या, बायजाकाकीच्या. तिच्या मागच्या भिंतीत, तिच्या सासऱ्याच्या बापानं बांधतानाच एक मडकं आडवं बसवलं होतं. तोंड बाहेर, बूड घरात, ते कापून झाकणासारखं बसवलेलं. त्यात तीन पिढ्या सातेरीचं मोहोळ नांदत होतं. वैशाखात एकदा घरातून बूड काढायचं, ओल्या पेंढ्याचा थोडा धूर द्यायचा आणि कडेचं एक पोळं काढून घ्यायचं. एकच. बाकीची त्यांची. आणि काढणाऱ्यानं काढून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अवाक्षर बोलायचं नाही, असा घरचा नेम. मी त्या नेमाला अंधश्रद्धा म्हणालो होतो. वर्गात आमच्या गुरुजींनी, पोळ्यावर श्वास गेला की माशी चिडते, म्हणून तोंड मिटून काम करावं, असं सांगितलं होतं. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं, शाबासकीही मिळवली होती. हे दोन्ही एकच आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. वहीतलं ज्ञान वेगळं आणि भिंतीतलं वेगळं.

मी काकीच्या मागे लागलो. यंदा कारवी सातव्या वर्षात आहे, भादव्यात डोंगर फुलणार, मोहोळ पेटीत असेल तर एक पोळं कशाला, घागर भरेल, आणि एकही माशी मरणार नाही. काकी म्हणायची, हाय ते बरं हाय. तिचा मुलगा धर्मा काहीच म्हणायचा नाही. तो बोलला असं मी त्या वर्षात तीनदा ऐकलं असेन. शेवटी बोलली ती सून, येसू. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही, त्यामुळे घरात तिच्या शब्दाला वजन नाही. पण माशांची गोष्ट निघाली आणि ती चुलीपासून उठून दारात आली. "आत्याबाय, बघू तरी," एवढंच म्हणाली. काकीनं कपाळाला हात लावला, पण हो म्हणाली.

येसू माझ्यावर विश्वास ठेवून चुलीपासून उठली होती.

मोहोळ हलवताना माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. मग वही मी तोंडपाठ म्हणायची आणि हात येसूनं चालवायचे असं झालं. पोळी अलगद कापून चौकटीत बसवायची, केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं बांधायची; माशा पोळं चौकटीला जोडून घेतात आणि मग दोरा कुरतडून बाहेर टाकतात. येसूची बोटं भात लावायला सरावलेली. एक पोळं फाटलं नाही. राणीसुद्धा तिलाच पहिल्यांदा दिसली. "मास्तर, ही का? लांब पोटाची?" मी सुजलेल्या पापणीच्या फटीतून बघितलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणालो, "शाबास. आता पुन्हा ओळखशील?" ती हसली. "हिला कोन इसरंल?"

पेटी काकीच्या पडवीत ठेवली. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. उरलेलं मेण येसूनं वितळवून गाळलं आणि कपाळाला कुंकवाखाली लावायला आपल्या डबीत भरून ठेवलं. पावसाळ्यात फुलं नसतात, माशांना साखरेचं पाणी द्यावं लागतं. माझ्या कार्डाची सगळी साखर मी त्यांना दिली आणि चार महिने गुळाचा चहा प्यायलो. या लेखात माझ्या बाजूनं सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून सांगून टाकतो.

पावसात पेटी उघडायची नाही. एरवीसुद्धा दहा दिवसांतून एकदाच. हे मीच येसूला पाठ करून घेतलं होतं. आणि मीच ती पेटी तलाठ्यासाठी उघडली, देवी टोचायला आलेल्या डॉक्टरसाठी उघडली, भाऊ भेटायला आला तेव्हा उघडली, आणि मुलगी सांगून आली तेव्हा तिच्या मामासाठी तर दोनदा उघडली. राणी दाखवली की लोक असे काही बघायचे, की जणू तिला मीच जन्म दिला. येसू दर वेळी धुराचं डबडं घेऊन शेजारी उभी राहायची. माशा हातावर चढल्या तरी ती हलायची नाही.

श्रावणात दिपोटी आले. चिखलातून बैलगाडीनं येऊन आधीच वैतागलेले. मुलांना त्यांनी बावीसचा पाढा विचारला. चौथीनं एका सुरात जो पाढा म्हटला तो कुठल्याच आकड्याचा नव्हता. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मला एकदम मधमाशा आठवल्या. म्हणालो, साहेब, शाळेतर्फे ग्रामोद्योगही चालतो, चला, राणी दाखवतो.

बारीक पाऊस होता. पडवीत येसू पुढे झाली. "मास्तर, आज नका उगडू. पाऊस हाय." साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर तिनं माझाच नियम मला सांगितला. मी म्हणालो, "तू धूर धर गं."

उघडली. चौकट वर काढली. राणी होती, अगदी मधोमध, भोवती माशांचं रिंगण. मी चौकट साहेबांच्या नाकाजवळ नेली आणि भाषण सुरू केलं. तोंड मिटून काम करायचं हे वहीत होतं, पण भाषणात नव्हतं. पहिली माशी साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. दुसरी त्यांच्या टोपीत शिरली. साहेबांनी टोपी काढून फेकली ती तुकारामच्या तोंडावर, तुकाराम मागे सरकला तो पाण्याच्या वाटीत पाय घालून काकीच्या कोंबड्यांवर बसला, आणि साहेब उपरणं डोक्यावर घेऊन, शाळा तपासणीच्या कागदांसकट, भाताच्या खाचरात उतरले. हे सगळं बघत असताना मी चौकट घाईनं परत पेटीत खुपसली.

कच् असा आवाज झाला. फार बारीक. खरकट्यातलं शीत चिरडल्यासारखा.

मी झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या अंगणात बसून साहेबांच्या नाकाचं वर्णन चाललं होतं. तुकाराम होता, काकी होती. येसू पेटीकडून आली. पळसाच्या पानावर काहीतरी ठेवलेलं. "मास्तर, ही पेटीच्या दारात पडलीवती."

डोकं चिरडलेलं होतं. पोट शाबूत होतं. लांब.

तुकाराम मान पुढे काढून बघत होता. काकीनं विचारलं, काय हाय. मी पान हातातसुद्धा घेतलं नाही. "काही नाही. नर आहे तो. मरतात."

येसूनं पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नर," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. आणि पान मिटून आत गेली.

तरीही सगळं सावरलं असतं. माशा माझ्याहून शहाण्या. राणी गेली की त्या एखाद्या लहान अळीला निराळं खाणं भरवून नवी राणी घडवतात. आठवड्यानं मी पेटी उघडली तर पोळ्याच्या खालच्या कडेला पाच राणीघरं लोंबत होती, भुईमुगाच्या शेंगांएवढी. मी वही काढली. वहीत होतं: राणीघरं दिसल्यास माशांचा थवा उठून जाण्याच्या बेतात आहे असे समजावे व ती मोडून टाकावीत. थवा उठतो तो जुन्या राणीला घेऊन. म्हणजे जुनी राणी जिवंत. म्हणजे तो कच् आवाज झालाच नव्हता. इतकं सोयीचं उत्तर मला उभ्या आयुष्यात कुठल्या वहीनं दिलेलं नाही. मी चाकूनं पाचही शेंगा कापल्या.

"मोडायची का, मास्तर?" येसूनं विचारलं होतं.

"लिहिलंय," मी म्हणालो.

दोन पानं पुढे, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून, हेही लिहिलेलं होतं: राणी मेली असल्यास राणीघरांना हात लावू नये. ते पान मी उलटलं नाही. उलटलं तेव्हा शेंगा वाळल्या होत्या, आणि नवी राणी घडवायला पेटीत लहान अळी उरली नव्हती.

मग भादवा आला. त्या भादव्यासारखा भादवा मी पुन्हा पाहिला नाही, कारण पुन्हा नीट पाहण्याची हिंमत झाली नाही. खाली भात निसवत होतं, त्याचा दुधट वास. वर डोंगर खालपासून कड्यापर्यंत जांभळा. कारवीत शिरलं की कपडे चिकट व्हायचे, आणि कानात एकच नाद; सगळा डोंगर कुणीतरी तंबोऱ्यासारखा छेडून ठेवलाय असा. रानातल्या माशा पहाटेपासून कामाला लागलेल्या. आणि पडवीतली माझी पेटी दिवसेंदिवस हलकी होत होती. कामकरी माशीचं आयुष्य सहा आठवड्यांचं. जुन्या मरत होत्या, नव्या जन्माला येत नव्हत्या. गौरी गेल्या तेव्हा पोळ्यांत मेणकिड्याची जाळी दिसायला लागली. सात वर्षांनी दारात आलेलं फुलोऱ्याचं वर्ष, आणि तीन पिढ्यांचं मोहोळ मूठभर माशांवर आलेलं. त्या मूठभरही एका सकाळी दिसल्या नाहीत.

गावानं कारण शोधलं. गावाला ते शोधायला लागलं नाही, घरातच उभं होतं. पेटीचं खूळ हिनंच घेतलं. माशांत हात हिचेच. कूस उजवत नाही तिचा हात लागला, लक्ष्मी उठून गेली.

काकी दुष्ट बाई नव्हती. ती मला विचारायला आली, हे मला विसरता येत नाही. पडवीच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं. "मास्तर, तुमी शिकल्याले. तुमी सांगाल ते मी मानीन. ह्यो हिचा पायगुन हाय का?"

येसू आतल्या दारात सूप घेऊन उभी होती. सूप हलायचं थांबलं होतं.

माझ्याजवळ एक वाक्य होतं. राणी माझ्या हातून मेली. पाच शब्दांच्या आत बसणारं. चौथीतल्या कुठल्याही मुलाला मी ते शुद्ध लिहायला लावलं असतं. आणि मी पेटीकडे बघत म्हणालो, "माशांचं काही सांगता येत नाही, काकी. त्यांना काय खपत नाही, कुणाला ठाऊक."

बघा, मी खोटंसुद्धा धड बोललो नाही.

आतलं सूप पुन्हा हलायला लागलं.

दसऱ्याच्या आधी येसूला माहेरी पोचवलं, खालापूरच्या अलीकडच्या एका गावात. काकीनं सांगितलं, भिंतीत माशा आल्या का बोलावू. धर्मा तिचं गाठोडं घेऊन पुढे चालत होता, ती मागे. शाळेवरून गेले. मी मुलांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. दिवाळीनंतर मी कर्जतला बदली मागून घेतली.

पुढची सात वर्षं मी ही गोष्ट जिथं जाईन तिथं सांगितली. शिक्षकांच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, सासुरवाडीला. बावीसचा पाढा, साहेबांचं नाक, टोपी, तुकाराम आणि कोंबड्या. लोक पोट धरून हसायचे. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणानं सांगणारा माणूस त्यांना मोठ्या मनाचा वाटायचा. साहेब खाचरात उतरले की गोष्ट संपायची. मी तिथं टाळी घ्यायचो आणि पाणी प्यायचो.

मग देश स्वतंत्र झाला, आणि त्यानंतरच्या एका भादव्यात कर्जतच्या ओट्यावरून मला डोंगर जांभळा दिसला. सगळं जग बदललं म्हणून लोक सांगत होते, आणि ते झुडूप आपला हिशेब धरून बसलं होतं. दोन दिवस मी डोंगराकडे पाठ करून जेवलो. तिसऱ्या दिवशी पायी निघालो.

काकी दोन पावसाळ्यांपूर्वी वारली होती. हे मला गावात शिरतानाच तुकारामनं सांगितलं. आणखीही सांगितलं. माशा काही भिंतीत परत आल्या नव्हत्या. तीन वर्षं वाट बघून एका सकाळी धर्मानं चिखल कालवला, मडक्याचं तोंड लिंपून बंद केलं, आईला म्हणाला, आता कुठनं येतील, आणि सरळ चालत जाऊन बायकोला घेऊन आला. "येवढा बोलला तो," तुकाराम म्हणाला. "तुमी बोलनारं मानूस, मास्तर. तो नाय."

त्याला किती ठाऊक होतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

येसू अंगणात भांडी घासत होती. दोन वर्षांची एक मुलगी तिच्या पाठीला लोंबकळत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, पाट टाकला, पाणी दिलं. गोठ्याच्या भिंतीत एक नवं मडकं आडवं बसवलेलं दिसलं. त्याच्या तोंडाशी माशांची ये-जा चालू होती, पाय पांढुरक्या परागानं भरलेले. कारवीवरून येत होत्या.

वाटेत मी सगळं भाषण बांधून आणलं होतं. ऐन वेळी पहिलंच वाक्य सापडेना. "येसूबाई," मी म्हणालो, "तो नर नव्हता."

तिनं हात धुतले, पुसले, आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्यातली मेणाची डबी उघडून माझ्यापुढे धरली. पिवळं मेण बोटानं घासून मधोमध खळगा पडला होता. कडेला, जिथं बोट जाऊ दिलेलं नव्हतं तिथं, मेणात रुतून बसलेली ती होती. पंख झडलेले. पोट लांब.

"ह्यो तुमचा नर," ती म्हणाली.

मी कसंबसं विचारलं, काकींना का दाखवली नाहीत.

"दाखवलीवती. त्याच दिशी. त्या म्हनल्या, मास्तर नर म्हनले ना, मंग नर."

"मग ठेवली कशाला?"

तिनं डबी मिटली. मुलीला पाठीवरून पुढे ओढून मांडीवर घेतलं. "म्हायेरी व्हते तवा समदी एकच बोलायची. ऐकून ऐकून मलाबी वाटाय लागायचं, माजाच पायगुन आसंल. मंग सकाळी कुकू लावताना डबी उगडायची. ही दिसली का बरं वाटायचं."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, दिपोट्यांच्या, हेडमास्तरांच्या, सासऱ्यांच्या. त्या सगळ्या मला गोष्टींसाठी उपयोगी पडल्या. हे वाक्य कुठल्याच गोष्टीत बसेना. तिनं शिवी दिली असती तर मी तिचाही विनोद केला असता, हे तिला ठाऊक असावं.

निघताना तिनं पळसाच्या पानावर पोळ्याचा एक तुकडा दिला. मध काळपट, दाट. मी गोठ्याच्या मडक्याकडे बघत होतो असं तिला वाटलं असावं. म्हणाली, "बघा लांबनं. उगडायचं नाय."

तो तुकडा मी कर्जतपर्यंत हातात धरून आणला. पान गळत होतं, मनगटापर्यंत हात चिकट झाला. खाल्ला का, हे मात्र विचारू नका.

तर परवा काळ्यांचा चहा आला. बशी ओठाला लावत ते म्हणाले, मास्तर, कारवीवरून आठवलं, ती तुमची दिपोट्याची गोष्ट सांगा ना, आमच्या जावयाला सांगायचीय, मला मधला भाग नीट आठवत नाही. मी सांगितली. पाढा सांगितला, नाक सांगितलं, टोपी, कोंबड्या. साहेब खाचरात उतरले तसे काळे नेहमीप्रमाणे मांडीवर थाप मारून हसले, कप खाली ठेवला आणि उठायला लागले.

टेबलावरची डहाळी तोवर मान टाकत आली होती.

"बसा," मी म्हणालो. "अजून आहे."